विषाची वाट कातडीतून

चिखलदऱ्याचा घाट उतरून परतवाड्याकडे आले की, मेळघाटातील कोरकू मजूर हंगामापुरते जिथे राबावयास येतात ती वऱ्हाडची काळी शेते आणि त्यांतील पऱ्हाटी दृष्टीस पडते. याच पिकावर फवारणी करताना २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात विसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, शेकडोंना इस्पितळात दाखल व्हावे लागले, आणि पुष्कळांनी त्याचा ठपका फवारणाऱ्यांच्याच निष्काळजीपणावर ठेवला. तो कितपत न्याय्य होता, हे विषाची करणी जाणल्यावाचून ठरविता येणार नाही.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस इत्यादी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके अळीच्या ज्या मज्जाव्यवहारावर घाला घालतात, तो मनुष्यातही चालतो. मज्जातंतूच्या टोकाशी स्रवणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलिनचे कार्य होताच कोलिनेस्टरेज हे विकर त्याचे विघटन करते; विष या विकरासच जखडून टाकते, आणि मग घाम व लाळ यांना खळ राहत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, दृष्टी अंधुक होते, स्नायू फुरफुरतात व अखेरीस श्वासोच्छ्वासाचे स्नायू निकामी होतात.

यासाठी विष पोटातच जावे लागते असे नाही. त्याच वर्गातील पॅराथिऑनवर झालेल्या प्रयोगांत काखेच्या त्वचेतून होणारे शोषण हाताच्या पुढील भागाच्या सुमारे सातपट आढळले. २०१७ साली यवतमाळात पऱ्हाटी पुरुषभर वाढलेली, म्हणून पंपाची नळी तोंडासमोर उचललेली. गळत्या टाकीने पाठ भिजलेली. अळी दाद देईना म्हणून दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. आणि उकाडा असा की, रबरी पोशाख अंगावर घटकाभरही ठेवणे दुष्कर.

केरळात १९५८ साली पॅराथिऑनमिश्रित अन्नाने शंभरावर बळी घेतल्यानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा आला; डब्यावरील लाल त्रिकोण त्याच कायद्याच्या अंमलाखालचा. तथापि, जो पोशाख भाद्रपदात वापरताच येत नाही त्याची शिफारस कागदोपत्री करून सुरक्षेची जबाबदारी मजुरावर ढकलणे, ही कायद्याची अंमलबजावणी नव्हे. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्र सरकारचा मनाई हुकूम २०२३ मध्ये निघाला, तो याच कारणास्तव योग्य होय: अतिजहाल विष बाजारातून काढणे हाच खात्रीचा बचाव. तोवर अंगावर औषध सांडताच कपडे उतरवून साबणाने अंग धुवावे, आणि डोळ्यांपुढे अंधारी येताच औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. कारण अ‍ॅट्रोपिन व प्रॅलिडॉक्सिम हे उतारे उपलब्ध असले, तरी दुसऱ्याचा गुण वेळेवर दिल्यासच येतो.