ऑपरेशननंतरचा सहावा आठवडा

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पट्टी सुटली की दुसऱ्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचता येते. आजोबा खूश, घरचे निर्धास्त. मधुमेह असलेल्या काही जणांना मात्र महिना-दीड महिन्याने अक्षरं पुन्हा पुसट दिसू लागतात. ‘नवीन लेन्स आहे, होईल सवय,’ अशी समजूत घातली जाते आणि उपचाराचा मोलाचा वेळ निघून जातो.

अशा वेळी लेन्स बहुधा नीट बसलेली असते. बिघाड असतो मागे, पडद्यावर. शस्त्रक्रियेमुळे डोळ्यात दाह होतो, त्यातली रसायनं पडद्यापर्यंत पोहोचतात आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. मग ज्या इवल्याशा भागाने आपण वाचतो, चेहरे ओळखतो, नेमका तोच सुजतो. डॉ. इर्विन यांनी १९५३ साली शस्त्रक्रियेनंतरच्या या तक्रारीचं वर्णन केलं होतं. ती कुणालाही होऊ शकते, पण साखरेने वाहिन्या आधीच कमकुवत झालेल्या असल्या तर धोका वाढतो.

किती? ब्रिटनमधल्या सुमारे ८२ हजार डोळ्यांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. मधुमेह नसलेल्यांत अशी सूज साधारण १.२ टक्के डोळ्यांत आढळली, मधुमेहींत ४ टक्के. पडद्यावर मधुमेहाची एकही खूण नव्हती, अशांनाही धोका जास्तच होता. ‘माझा पडदा चांगला आहे’ एवढ्यावर म्हणूनच विसंबता येत नाही.

‘मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू’ हा जुना सल्ला मधुमेहींना विशेष महागात पडतो. पिकलेल्या मोतीबिंदूतून डॉक्टरांना मागचा पडदाच दिसत नाही. तिथली सूज आधी ओळखून उपचार करायची संधी हुकते. ऑपरेशनची तारीख मिळाली म्हणून चार दिवसांत साखर धाडकन खाली आणणंही बरं नव्हे, त्याने पडद्याचा आजार बळावू शकतो. ती हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावी.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत डोळा लाल झाला, ठणकू लागला, नजर एकदम कमी झाली, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायला हवं.

पडद्याची सूज दुखत नाही, हीच तिची अडचण. ती वेळेत सापडली तर अनेकदा थेंबांनी ओसरते, नाही तर डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं. म्हणून सहाव्या आठवड्याच्या सुमारास पडद्याची तपासणी करून घ्यावी. तोवर घरी अधूनमधून दुसरा डोळा झाकून त्याच कॅलेंडरच्या चौकटी पाहाव्यात. एखादी रेघ वाकडी भासली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात जावं.