पुढची चाकं की मागची? बारा लाखांचा प्रश्न

या एपिसोडच्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येच एका ट्रेलरचा हॉर्न वाजतो, तो काढता आला नाही. वाडीत घर असलं की असं होतं. बोलण्यातलं 'म्हणजे', 'म्हणजे' थोडं कमी करून हा एपिसोड इथे लिहून काढलाय. आकडे बघत बघत वाचायला बरे पडतात, म्हणून.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून. पाठवणारा दत्तवाडीचा, वय पंचवीस-सव्वीस, मिहानमध्ये नोकरी. तो म्हणतो, "दादा, बजेट बारा लाख आहे. नवीन आय२० एन लाइन बघून ठेवली. आणि पुण्यात एक जुनी जर्मन कूपे आहे, दोन दरवाज्यांची, बारा वर्षं झालेली, रिअर-व्हील ड्राइव्ह. इन्स्टावर सगळे म्हणून राहिले की रिअर-व्हील तीच खरी स्पोर्ट्स कार, फ्रंट-व्हील म्हणजे भाजी आणायची गाडी. काय करू?"

मी हसून उत्तर टाइप करायला घेतलं, तर दुसरा मेसेज आला: "यातले पाच लाख बाबांचे आहेत."

मग मी टाइप करणं थांबवलं आणि एपिसोडच केला.

आधी एक गैरसमज काढून टाकू. रिअर-व्हील ड्राइव्ह म्हणजे काहीतरी उंची, परदेशी, रेसिंगवालं असतं असं नाही. मुंबईत कुर्ल्याला बनायची ती प्रीमियर पद्मिनी रिअर-व्हील. अॅम्बॅसेडर रिअर-व्हील. शाळेत सोडणारी मारुती ओम्नी रिअर-व्हील. ऑटोरिक्षा, तुमची बाईक, आणि अमरावती रोडवर रांगेत उभे असलेले हे सगळे ट्रक, सगळ्यांची ताकद मागच्याच चाकांना जाते. तुमचे आजोबा आयुष्यभर रिअर-व्हील चालवत होते, फक्त त्यांनी त्याचं रील नाही केलं.

फ्रंट-व्हील आपल्याकडे घरोघरी आली ती १९८३ च्या डिसेंबरपासून, मारुती ८०० मुळे. कल्पना त्याच्याही आधीची. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये मिनी आली. तिच्यात इंजिन आडवं ठेवून पुढचीच चाकं फिरवली. मागे जाणारा लांब दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, गेला. त्यामुळे छोट्या गाडीत माणसांना जागा झाली, वजन आणि खर्च कमी झाला. १९७६ मध्ये फोक्सवॅगनने याच पद्धतीच्या गोल्फमध्ये ११० पीएसचं इंजिन टाकलं आणि नाव दिलं जीटीआय. भाजी आणायच्या गाडीला मिरची लावली म्हणा. हॉट हॅच हा प्रकार जगभर लोकप्रिय झाला तो तिच्यामुळे.

आता मुद्द्याचं. टायरची पकड हा तुमच्या मोबाइलचा रोजचा डेटा पॅक समजा. दीड जीबी आहे, तर दीड जीबीच. व्हिडिओ बघा, गेम खेळा, कॉल करा, सगळं त्यातूनच जाणार. टायरलाही तीनच कामं असतात: वळणं, वेग वाढवणं, ब्रेक लावणं. एका कामाला जास्त पकड दिली की दुसऱ्याला कमी उरते. (इंजिनिअरिंगवाले लगेच लिहितील की ही साधी बेरीज नसते, वर्तुळ असतं. हो, मान्य. वर्तुळ असतं.)

फ्रंट-व्हील गाडीत पुढचे दोन टायर वळायचं काम करतात, गाडी ओढायचंही करतात, आणि ब्रेकचंही मोठं काम त्यांच्यावरच. मागचे दोन बरेचसे सोबतीला. आमच्या भाषेत, सगळा लोड एकाच सर्व्हरवर. त्यामुळे वळणात जास्त अॅक्सिलरेटर दिला की पुढच्या टायरचा पॅक संपतो आणि गाडी स्टिअरिंग न ऐकता वळणाच्या बाहेर सरकायला लागते. याला अंडरस्टिअर म्हणतात. यावर उपाय घाबरलेला माणूस आपोआप करतो तोच: पाय हळू उचलायचा. वेग कमी होतो, पकड परत येते.

रिअर-व्हीलमध्ये कामाची वाटणी आहे. पुढचे वळवणार, मागचे ढकलणार. म्हणून स्टिअरिंग हातात मोकळं, स्वच्छ वाटतं, आणि लोक ज्याच्या प्रेमात पडतात ते हेच. पण मागच्या टायरचा पॅक संपला की मागची बाजू बाहेर फिरते, ओव्हरस्टिअर. इथे घाबरून पाय झटकन उचलला तर वजन पुढे जातं, मागची बाजू आणखी हलकी होते आणि गाडी गरागरा फिरू शकते. अॅक्सिलरेटर सांभाळत स्टिअरिंग उलट्या बाजूला द्यावं लागतं, तेही अर्ध्या सेकंदात. हे वाचून येत नाही.

मग रिअर-व्हीलचा फायदा नेमका कुठे? हिशोब करू. १,२०० किलोची हॅचबॅक घ्या, दोन चाकांमधलं अंतर अडीच मीटर, गुरुत्वमध्य ५५ सेंटीमीटर उंचीवर. गाडी ०.४ जी ने वेग घेतेय, म्हणजे पाठ सीटला चांगली टेकतेय. १,२०० गुणिले ०.४ गुणिले ०.५५ भागिले २.५. उत्तर साधारण १०५ किलो. एवढं वजन पुढच्या चाकांवरून निघून मागे जातं. म्हणजे फ्रंट-व्हील गाडी ज्या क्षणी जोर लावते, नेमकं त्याच क्षणी जोर लावणारे टायर हलके होतात. रिअर-व्हीलमध्ये उलट, जोर लावला की तेच टायर आणखी दाबले जातात.

पण हा फायदा खरा कधी? इंजिनात टायरला हरवण्याइतकी ताकद असते तेव्हा. एन लाइनमध्ये १२० पीएस आणि १७२ एनएम आहेत. एवढ्यासाठी पुढचे टायर कोरड्या रस्त्यावर पुरतात. अडीचशे पीएसच्या पुढे फ्रंट-व्हीलला खरोखर कसरत करावी लागते. २०२५ मध्ये भारतात आलेल्या गोल्फ जीटीआयमध्ये २६५ पीएस आहेत, आणि ती ताकद पुढच्या दोन चाकांत नीट वाटायला खास डिफरेन्शियल लॉक बसवावा लागलाय.

याचं एक भारी उदाहरण आपल्याच राज्यातलं. मुंबईच्या डीसी डिझाइनने २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये अवंती दाखवली. दोन सीटची कूपे, इंजिन सीटच्या मागे, ताकद मागच्या चाकांना. आत रेनोचं दोन लिटरचं टर्बो इंजिन. त्याच घराण्यातलं इंजिन रेनोच्या मेगान आरएसमध्ये होतं, आणि ती फ्रंट-व्हील हॉट हॅच! एकाच कुळातलं इंजिन, एकीकडे पुढची चाकं ओढतंय, दुसरीकडे मागची ढकलतंय. आणि जगभरच्या ड्रायव्हर लोकांनी मनापासून वाखाणली ती मेगान. चाकं कोणती फिरतात यापेक्षा सस्पेन्शन, टायर आणि ट्यूनिंगवर किती मेहनत घेतली याने जास्त फरक पडतो.

आता माझी गोष्ट. एपिसोडमध्ये मी ही घाईघाईत सांगितली, कारण लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी एका मित्राची रिअर-व्हील सेडान एका दिवसासाठी माझ्याकडे होती. जून महिना, पहिला पाऊस नुकताच पडून गेलेला. गोडाउनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक काटकोनी वळण आहे. दुसरा मित्र कोपऱ्यावर मोबाइल घेऊन उभा, रील करायचं होतं. मी बटण दाबून ट्रॅक्शन कंट्रोल बंद केला. वेग तीस-पस्तीसचा असेल, जास्त नाही. वळणात पाय दाबला. मागची बाजू सुटली, मी घाबरून पाय उचलला, आणि पुढच्या दोन सेकंदांत मी ज्या दिशेने आलो होतो तिकडेच तोंड करून उभा होतो. समोर एक ट्रक. मधलं अंतर वीस फूट असेल नसेल.

उस्ताद खाली उतरले. मला वाटलं आता शिव्या. ते टायरकडे बघत एवढंच म्हणाले, "बेटा, रिकामी गाडी मांगं हलकी रायते. पहिल्या पावसात तिले रेस नाई देत बाप्पा."

मी बीटेकला जे चार सेमिस्टरमध्ये शिकलो नाही ते हे. भरलेल्या ट्रकच्या मागच्या चाकांवर टनावारी वजन असतं, ती घट्ट पकडतात. तोच ट्रक माल उतरवून परत निघाला की मागून हलका, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं जागच्या जागी फिरतात. त्यात उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल, डिझेल, धूळ, रबराची भुकटी. पहिल्या सरीत त्याचा साबण होतो. ट्रान्सपोर्ट नगरीत राहणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. ते रील डिलीट केलं. मित्राला खरं काय झालं ते सांगायला मला आठ दिवस लागले.

म्हणजे फ्रंट-व्हील सुरक्षित आणि रिअर-व्हील धोक्याची असं मी म्हणतोय का? नाही. वळणात वेगात असताना अचानक पाय उचलला तर छोट्या फ्रंट-व्हील हॅचचंही मागचं टोक फिरू शकतं. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा, ही कुठलीही गाडी असली तरी लागू: दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे लावा. दुकानदार म्हणेल, पुढची चाकं चालतात, पुढे लावू. ऐकू नका. पुढची चाकं घसरली तर निदान गाडीचं तोंड पुढेच राहतं आणि ती सांभाळता येते. मागची घसरली तर काय होतं ते मी आत्ताच सांगितलं.

आता आपल्या रस्त्यांचं बघा. वाडीहून मिहान हे रोजचं. ट्रक, सिग्नल, गतिरोधक, खड्डे. इथे कूपेचं खाली बसलेलं पोट हाच मोठा प्रश्न. समृद्धीवर गेलात तर १२० ची मर्यादा आणि किलोमीटरच्या किलोमीटर सरळ रस्ता. तिथे कोणती चाकं फिरतायत हे डोळे मिटून ओळखता येणार नाही (डोळे मिटू नका). खरी वळणं हवीत तर याच अमरावती रोडने जा, परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढा. मस्त रस्ता. पण अरुंद, पावसाळ्यात धुकं, आणि समोरून एसटी. मागची बाजू बाहेर काढून सावरायला जी जागा लागते ती तिथे नाहीच. घाटात एकशेवीस पीएसची हॅच दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ताकदीने पळवता येते. मोठ्या इंजिनाच्या कूपेमध्ये निम्मी ताकद वापरायची संधीच मिळत नाही.

बाजारही बघून घ्या. नवी, खरी रिअर-व्हील स्पोर्ट्स कूपे म्हणजे बीएमडब्ल्यू एम२ सारखी, २०२३ मध्ये आली तेव्हाच ९८ लाख. '२ सीरीज ग्रान कूपे' नावात कूपे, पण दरवाजे चार आणि इथे विकली जाते ती फ्रंट-व्हील! नाव वाचून गाडी घेऊ नका. एन लाइन चार मीटरच्या आत आणि इंजिन ९९८ सीसी, त्यामुळे सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी. मोठ्या पेट्रोल गाड्यांना ४०.

आणि एक गंमत. मागची चाकं फिरवणारी, कूपेसारखी उतरत्या छताची नवी गाडी चाकणलाच बनतेय: महिंद्राची बीई ६. इलेक्ट्रिक, २३१ किंवा २८६ पीएस, किंमत सुरू झाली तेव्हा १८.९० लाख. मोटर मागे ठेवणं इलेक्ट्रिकमध्ये सोपं, लांब दांडा नाही, बोगदा नाही. ती उंच आणि जड एसयूव्ही आहे, स्पोर्ट्स कूपे नाही, हे कबूल. तरी वीस वर्षांनी 'रिअर-व्हील' म्हटल्यावर लोकांना अशीच गाडी आठवेल असं मला वाटतं.

ज्यांना मागची बाजू फिरवायचीच आहे त्यांनी आधी गो-कार्ट चालवा. गो-कार्टही रिअर-व्हीलच असते. तिथे चुकलात तर टायरच्या भिंतीला आपटाल. रस्त्यावर केलंत तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहे, धोकादायक वाहन चालवणं. आणि समोर उस्ताद असतीलच असं नाही.

तर दत्तवाडीच्या भावा, तुझं उत्तर. घरात दुसरी गाडी असती, पैसे सगळे तुझे असते आणि वर दोन-तीन लाख दुरुस्तीसाठी बाजूला असते, तर मी म्हटलं असतं, घे कूपे, मजा कर. पण ही घरातली एकुलती गाडी. आईला दोन दरवाज्यांच्या गाडीत सीट वाकवून मागे बसवणार का? एन लाइनमध्ये चार दरवाजे, वॉरंटी, ईएससी सगळं आहे. ती घे. वाचलेल्या पैशांत टायर चांगले ठेव.

तरीही कूपे बघायला पुण्याला जाणारच असशील, मला माहीत आहे जाशीलच, तर आधी टायरच्या भिंतीवरचा चार आकडी नंबर बघ. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. मग ईएससीचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझतो का बघ. लागतच नसेल तर कुणीतरी बल्ब काढलाय. आणि मागचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे नसतील तर तिथूनच परत फिर.

ताजी बातमी: त्याने फोटो पाठवलेत. मागचा एक टायर ४११५, दुसरा ०६२१. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे. रविवारी तो बाबांना घेऊन एन लाइनची टेस्ट ड्राइव्ह घ्यायला जातोय, आणि मागच्या सीटवर मी.