स्वस्त दुर्बिणीची पारख

पनवेलहून गोव्याच्या महामार्गाने सुमारे १२ किलोमीटर गेले की कर्नाळा किल्ल्याचा उभा सुळका आणि त्याच्या पायथ्याशी पसरलेले पक्षी अभयारण्य लागते. १९६८ साली स्थापन झालेल्या या अरण्यात, जेथे पावसाळ्यात तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ खणून वीण करतो आणि भृंगराज शेपटीची दोन लांब पिसे मिरवीत दाट पालवीतून फिरतो, तेथे सुटीच्या दिवशी येणाऱ्या हौशी मंडळींपैकी पुष्कळांच्या गळ्यात जी दुर्बीण असते ती जर्मनीच्या वा जपानच्या नामांकित कारखान्यातील नसून साध्या बाजारात बेताच्या किमतीस घेतलेली असते. तिची थट्टा करणे सोपे आहे. परंतु पक्षिनिरीक्षणाचा छंद शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्या आटोक्यात जो आला तो तिच्यामुळेच, आणि म्हणून तिची रीतसर तपासणी कशी करावी हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

किंमत उतरली की काटकसर आलीच. दृश्याचा घेर थोडा अरुंद असणे, कडेची आकृती मऊ पडणे, उन्हातल्या तारेवर बसलेल्या कावळ्याच्या अंगाभोवती जांभळट किनार दिसणे, ही त्या यंत्राची गरिबी होय, आणि गरिबी हा काही गुन्हा नव्हे. उलटपक्षी अंगावर खोटा आकडा छापणे, आतील लोलक कसेबसे बसवून वर रबराचे जाड आवरण चढवणे आणि भिंगाचा हलकेपणा भडक रंगाच्या लेपाखाली झाकणे, ही लबाडी होय. पारख्याचे कौशल्य या दोहोंमधील सीमा ओळखण्यात आहे.

या यंत्राची मूळ रचना जुनी आहे. इटलीच्या इग्नात्सिओ पोर्रो याने १८५४ मध्ये काटकोनी लोलकांतील चार परावर्तनांनी उलटी प्रतिमा सुलटी करण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले, आणि १८९४ मध्ये येना येथील झाइस कारखान्याने, अर्न्स्ट आबे यांच्या संशोधनाच्या आधारे, तिला हातात धरण्याजोग्या दुर्बिणीचे रूप दिले. खांदे पुढे आलेली ती जुनी आकृती आजही थोड्या पैशांत अधिक न्याय देते. कारण सरळ नळ्यांच्या सुबक दुर्बिणीतील छतासारखे लोलक अतिशय काटेकोरपणे घासावे लागतात, आणि तो काटेकोरपणा स्वस्तात मिळत नाही.

पहिली साक्ष आकड्यांची घ्यावी. ८×४० या अक्षरांचा अर्थ असा की, विवर्धन आठपट असून पुढील भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे. ४० ला ८ ने भागले की ५ मिलिमीटर येतात, आणि नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा गोल तेवढ्याच व्यासाचा असावा लागतो. दुर्बीण उजळ आकाशाकडे (सूर्याकडे कदापि नव्हे) रोखून हातभर दूर धरली म्हणजे नेत्रिकेत हा शुभ्र गोल तरंगताना दिसतो. त्यावर मिलिमीटरची पट्टी ठेवावी. तो चारच मिलिमीटर भरला, तर एक तर विवर्धन अधिक आहे, नाही तर आत कोठे तरी एक कडे बसवून ४० चे भिंग ३२ चे करून ठेवले आहे. विवर्धनाचा निवाडा खिडकीच्या गजांवर होतो: एक डोळा नेत्रिकेस लावून दुसरा उघडा ठेवला असता, दुर्बिणीतील दोन गजांच्या अंतरात उघड्या डोळ्याची किती अंतरे मावतात ते मोजावे. मेळ्यांतून विकल्या जाणाऱ्या ३०×६० च्या खिशात मावणाऱ्या दुर्बिणींचे पुढील भिंग पुष्कळदा त्या साठाच्या निम्मेही भरत नाही, आणि मग तीसपटीचा दावा कोणत्या मोलाचा हे वेगळे सांगावयास नको.

तोच प्रकाशगोल आणखी एक जबानी देतो. तो स्वच्छ वाटोळा असेल तर लोलक चांगल्या काचेचे व पुरेशा आकाराचे आहेत. त्याच्या कडा करड्या होऊन तो चौकोनी दिसू लागला तर काच हलकी आहे किंवा लोलक अपुरे आहेत. भिंगावरील लेपाचेही तसेच आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. साध्या दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरले तर जवळपास एकतृतीयांश प्रकाश वाटेतच हरवतो. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्सांडर स्माकुला यांनी पातळ लेपाने हे नुकसान रोखण्याचा मार्ग काढला. मात्र माणकासारखा लाल चमकणारा लेप लाल प्रकाश बाहेरच परतवतो, आत हिरवट-निळसर दृश्य उरते, आणि मग तिबोटी खंड्याच्या पोवळ्यासारख्या चोचीचा रंग नेमका जेथे पाहावयाचा तेथेच फिका पडतो.

सर्वांत गंभीर तक्रार दोन नळ्यांच्या एकवाक्यतेची. दोन्ही अक्ष समांतर नसतील तर डोळे ते अंतर मुकाट्याने भरून काढतात आणि अर्ध्या तासात कपाळ दुखू लागते. यासाठी दूरच्या छपराची आडवी कड किंवा विजेची तार निवडावी, दृश्य स्पष्ट करावे आणि दुर्बीण न हलवता डोळे हळूहळू वीतभर मागे न्यावेत. दोन वर्तुळांत तार एकाच पातळीवर राहिली तर उत्तम. एकात वर व दुसऱ्यात खाली गेली तर ती दुर्बीण तत्काळ परत करावी, कारण आडव्या दिशेचा थोडा फरक डोळे सहन करतात, उभ्या दिशेचा करीत नाहीत. दुर्बीण एकदा जमिनीवर आपटली की लोलक सरकतात आणि हा दोष उद्भवतो. म्हणून जुन्या मालाबाबत ही परीक्षा टाळूच नये.

त्यानंतर यंत्राची बांधणी. मधली बिजागरी इतकी घट्ट असावी की डोळ्यांतील अंतर एकदा जुळवल्यावर ते आपोआप ढळू नये. फोकसचे चाक फिरवताना रिकामी फेरी लागू नये. आणि दोन नेत्रिका जोडणारा आडवा पूल बोटाने दाबला असता दृश्य धूसर होऊ नये. हा पूल डुलत असेल तर कपाळाचा नुसता स्पर्श झाल्यानेही एक डोळा फोकसबाहेर जातो.

पनवेलच्या माणसाने मात्र एका कलमावर अधिक बंदोबस्त ठेवावा, आणि ते म्हणजे पावसाळा. नायट्रोजन भरून हवाबंद केलेली दुर्बीण स्वस्तात सहसा मिळत नाही. साध्या दुर्बिणीत दमट हवा शिरते, आधी धुके धरते आणि पुढे भिंगावर बुरशीचे बारीक, फाटे फुटलेले तंतू पसरतात. बुरशीतून सुटणारे आम्ल लेप कुरतडते, आणि मग कितीही पुसले तरी तो ओरखडा जात नाही. पुढील भिंगातून टॉर्चचा प्रकाश सोडून नेत्रिकेच्या बाजूने तिरपे पाहिले की हे तंतू उघड होतात. दुकानाच्या कपाटात दोन-तीन पावसाळे काढलेली कोरी दुर्बीणही या तपासणीतून वगळू नये.

एवढे पाहून झाल्यावर निकाल देणे कठीण नाही. खोटा आकडा, उभ्या दिशेने फाकलेले अक्ष, डुलणारा पूल आणि बुरशी या चारांपैकी एकही दोष आढळला तर किंमत कितीही कमी असो, सौदा मोडावा. मऊ कडा, जांभळी किनार, प्लास्टिकचे अंग यांना मात्र खुशाल सोबत न्यावे. कर्नाळ्याच्या सावलीत ५ मिलिमीटरचा प्रकाशगोल देणारी साधी ८×४० ही २.५ मिलिमीटरच्या चकचकीत १०×२५ हून अधिक उपयोगी पडते. वाचलेल्या पैशांत सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा एक डबा घ्यावा. उरलेच तर पक्ष्यांच्या ओळखीचे एक चांगले सचित्र पुस्तक घ्यावे, कारण पिवळ्या पोटाचा आणि लाल चोचीचा पक्षी स्पष्ट दिसला, तरी त्याचे नाव दुर्बीण सांगत नाही.