बसलेली व्हॅन विकण्याआधी

महाराष्ट्रात घरची व्हॅन म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मारुती ओम्नीच येते. १९८४ मध्ये ती नुसती 'मारुती व्हॅन' म्हणून बाजारात आली, १९८८ मध्ये ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पुढच्या सीटखाली ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, मागे पाटे, बाजूला सरकती दारे. जेजुरीला जायचे असो की दुकानाचा माल आणायचा असो, ही गाडी कशालाही चालायची. घरात दुसरी गाडी आली की ही व्हॅन सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हरखाली जाते आणि दोन-चार वर्षे तिथून हलत नाही.

अशी बसलेली गाडी विकायचे ठरले की घरचे आधी सेल्फ मारून पाहतात. खरे तर आधी आरसी बुक उघडायला हवे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते; पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. या री-पासिंगची मोटारीसाठीची फी २०२२ पासून ५,००० रुपये झाली आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये ती १०,००० करण्यात आली. शिवाय पर्यावरण कर आणि विमा वेगळा. हा सगळा खर्च आणि गॅरेजचा अंदाज यांची बेरीज गाडीच्या बाजारभावाच्या वर जात असेल, तर दुरुस्तीच्या फंदात न पडलेले बरे. सरकारमान्य भंगार केंद्रात गाडी दिली की जमा-प्रमाणपत्र मिळते आणि नवी गाडी घेताना त्यावर करात सवलत मिळते.

कागदांतल्या आणखी दोन अडचणी बऱ्याच घरांत सापडतात. कर्ज केव्हाच फिटलेले असते, पण आरसीवर बँकेचे नाव तसेच राहिलेले असते. ते काढायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर करावी लागते. थकलेली ई-चलने भरल्याशिवाय तर काहीच पुढे सरकत नाही.

कागद जुळत असतील तर गाडीला हात लावावा, तोही बेताने. पुढची सीट उचलली की बहुधा उंदरांचा संसार दिसतो: कापूस, कागदाचे कपटे, कुरतडलेल्या वायरी. शॉर्ट सर्किट होऊन गाडी पेटू शकते, म्हणून वायरिंग तपासल्याशिवाय बॅटरी जोडू नये. जुनी बॅटरी बहुतेक वेळा गेलेलीच असते. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते; महिनोन्‌महिने उतरून पडलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट चढते आणि मग ती चार्ज धरत नाही.

खरे दुखणे टाकीत असते. पेट्रोलमधला हलका, चटकन पेट घेणारा भाग उडून जातो आणि खाली राळेसारखा चिकट थर राहतो. जुन्या ओम्नीत तो कार्बोरेटरचे जेट बुजवतो, नंतरच्या गाड्यांत इंजेक्टर आणि पंप. पेट्रोलमधले इथेनॉल हवेतली ओल ओढते. ते पाणी टाकीच्या तळाशी बसून पत्रा गंजवते. त्यामुळे टाकी रिकामी करून साफ करणे आणि फिल्टर बदलणे हे सेल्फ मारण्याआधीचे काम आहे. त्याच वेळी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडतात, ते मुरू देतात आणि पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवतात. त्यामुळे कोरड्या पडलेल्या रिंगा एकदम घासल्या जात नाहीत. पाना अडला तर जोर न लावता फिटरला बोलवावे. ऑइल, कूलंट आणि टायमिंग बेल्ट किलोमीटर न पाहता बदलतात, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. '२३१४' म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी तडे गेलेला टायर काढावाच लागतो. ब्रेकचे काम इंजिन चालू होण्याआधी उरकलेले चांगले. हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीत मागचे लायनर ड्रमला चिकटतात, आणि ब्रेक ऑइलने ओढलेल्या ओलीमुळे व्हील सिलिंडर जाम होतात.

पत्र्याचे नुकसान वरून दिसत नाही. सरकत्या दाराची खालची पट्टी, मॅटखालची जमीन आणि पाटे जिथे अडकवलेले असतात त्या जागा टोकदार पेचकसाने टोचून पाहाव्यात. कोकणातल्या खाऱ्या हवेतल्या गाडीत तर नक्कीच. गंजलेल्या जागी वेल्डिंग करून घेणे योग्य, पण पूर्ण डेंटिंग-पेंटिंग मात्र पाण्यात गेलेला पैसा. ताजा रंग पाहिला की जुन्या बाजारातला गिऱ्हाईक खूश होण्याऐवजी खाली काय लपवले आहे ते शोधू लागतो. स्वच्छ धुतलेली, एका सेल्फात सुरू होणारी आणि सरळ थांबणारी गाडी पुरेशी असते. सीएनजी किट असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी.

पुढचा क्रम ठरलेला आहे. विमा, पीयूसी, मुदत संपली असल्यास री-पासिंग आणि मग हस्तांतर. विमा नसलेली गाडी आरटीओपर्यंतही चालवत नेता येत नाही, ती टो करून न्यावी लागते. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. हे फॉर्म कोरे असतानाच त्यांवर सह्या करून गाडी एजंटाच्या हवाली करण्याची पद्धत सर्रास आहे, आणि ती धोक्याची आहे. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून गाडी देताना तारीख-वेळ घातलेली पोचपावती आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी, आणि परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर नवे नाव दिसेपर्यंत ही कागदपत्रे जपून ठेवावीत.