विश्लेषण : अन्य भाषा, रोगमुक्ती, चमत्कार... ख्रिस्ती धर्मातील ‘कृपादाने’ आजही सुरू आहेत का? केडगावचा या वादाशी संबंध काय?

पुणे-दौंड रेल्वेमार्गावरील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ च्या अखेरीस जे घडले, त्याचे पडसाद चार वर्षांत थेट दक्षिण अमेरिकेतील चिली देशापर्यंत उमटले. पंडिता रमाबाईंच्या संस्थेतील मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या आणि पुढे काही जणी कोणालाही न कळणाऱ्या भाषेत बोलू लागल्या. हे पवित्र आत्म्याचे दान मानायचे की दुसरे काही, यावर ख्रिस्ती जगतात आजही एकमत नाही. हा वाद केवळ धर्मशास्त्राच्या वर्गापुरता नाही. आजारी माणसाने डॉक्टरकडे जायचे की प्रार्थनासभेला, आणि ‘देवाने मला सांगितले’ असे म्हणणाऱ्याचे किती ऐकायचे, हे प्रश्नही त्याच्याशी जोडलेले आहेत.

कृपादाने म्हणजे नेमके काय?

बायबलच्या नव्या करारातील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौलाने नऊ दानांची यादी दिली आहे. त्यात ज्ञान, विश्वास यांच्यासह रोग बरे करणे, चमत्कार, संदेश देणे, अन्य भाषा बोलणे आणि त्यांचा अर्थ सांगणे यांचा समावेश होतो. शिकवणे, मदत करणे, व्यवस्था पाहणे हीही कृपादानेच आहेत, पण त्यांच्याबद्दल कोणाची तक्रार नाही. वाद आहे तो अलौकिक वाटणाऱ्या दानांचा. ती प्रेषितांच्या काळाबरोबर संपली असे मानणाऱ्यांना ‘सेसेशनिस्ट’, तर ती आजही मिळतात असे मानणाऱ्यांना ‘कन्टिन्युएशनिस्ट’ म्हणतात.

‘संपली’ म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद काय?

त्याच पत्राच्या तेराव्या अध्यायात, ‘पूर्ण’ ते आले म्हणजे संदेश, भाषा आणि ज्ञान यांचे काम संपेल, अशा अर्थाचे विधान आहे. हे ‘पूर्ण’ म्हणजे लिहून पुरे झालेले बायबल, असा अर्थ काही जण लावतात. इतरांच्या मते ते ख्रिस्ताच्या पुनरागमनाविषयी आहे. हा दुसरा अर्थ संदर्भाला अधिक जुळतो. त्यामुळे अनेक सेसेशनिस्ट अभ्यासकही आता या एका वचनावर भिस्त ठेवत नाहीत.

त्यांचा खरा मुद्दा वेगळा आहे. चमत्कार हे प्रेषितांचे ओळखपत्र होते. संदेश पोहोचला, लिहिला गेला, मग ओळखपत्राचे काम संपले. अमेरिकेतील प्रिन्स्टनचे धर्मशास्त्रज्ञ बी. बी. वॉरफिल्ड यांनी १९१८ मध्ये ‘काउंटरफिट मिरॅकल्स’ या पुस्तकात हीच मांडणी केली. त्याआधी सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिनसमोरही हा प्रश्न होता. ‘आमच्याकडे संतांचे चमत्कार आहेत, तुमच्याकडे काय?’ या कॅथलिक सवालाला, जुन्या शिकवणीला नव्या चमत्कारांची गरज नाही, असे त्याचे उत्तर होते.

यात सहसा निसटणारी एक बाब आहे. देव आजारी माणसाला बरे करू शकत नाही, असे सेसेशनिस्ट म्हणत नाहीत. बरे करण्याची शक्ती आज एखाद्या व्यक्तीच्या हाती सोपवलेली असते, हे त्यांना अमान्य आहे. फरक बारीक वाटला तरी ‘हीलिंग’च्या नावाने मंडप टाकणाऱ्याच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

सुरुवातीच्या चर्चची भूमिका काय होती?

एकच एक नव्हती. दुसऱ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील फ्रिजिया भागात मोंटानस आणि त्याच्या सहकारी प्रिस्किला व मॅक्सिमिला यांनी आपल्या तोंडून आत्मा बोलतो, असा दावा केला. चर्चने तो फेटाळला. चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन ख्रिसोस्तोम करिंथच्या पत्रावर प्रवचन करताना सांगत होता की, हा भाग समजायला अवघड आहे, कारण त्या गोष्टी आता घडत नाहीत. ऑगस्टीनही आधी याच मताचा होता. उतारवयात मात्र ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या खंडात त्याने आपल्या हिप्पो शहरात दोन वर्षांच्या आत सुमारे ७० चमत्कारांची नोंद झाल्याचे लिहिले. त्यामुळे दोन्ही पक्ष आजही ऑगस्टीनचा दाखला देतात, फक्त वेगवेगळ्या वयातल्या.

केडगावमध्ये काय घडले?

वेल्समधील १९०४-०५ च्या धर्मजागृतीची बातमी भारतात पोहोचली होती. खासी टेकड्यांतही तशी लाट आली. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज प्रार्थनेसाठी जमण्याचे आवाहन केले, तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या ५५० च्या घरात गेली. यातील अनेक मुली दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या, काही बालविधवा होत्या. २९ जूनच्या पहाटे एका मुलीच्या अंगावर अग्नी उतरल्यासारखे दिसले आणि दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, असे मिशनच्या तत्कालीन वृत्तांतांत नमूद आहे.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील विल्यम सेमूर यांची प्रसिद्ध सभा एप्रिल १९०६ मध्ये सुरू झाली. पेन्टेकॉस्टल चळवळीचे जन्मस्थान म्हणून बहुतेक पुस्तके तिचेच नाव घेतात. केडगाव त्याआधीचे आहे. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर पुस्तिका लिहिली आणि चिलीतील वालपराईसो येथे आपल्या मैत्रिणीला पाठवली. मैत्रिणीचे पती विलिस हूव्हर तेथे मेथडिस्ट पाळक होते. १९०९ मध्ये त्यांच्या मंडळीत तशीच जागृती झाली आणि चिलीतील पेन्टेकॉस्टल चर्च उभे राहिले.

परदेशी मिशनऱ्यांपैकी काहींना हा आरडाओरडा खटकला. इतर देशांतील ख्रिस्ती लोकांत आत्म्याला जसे काम करण्याची मोकळीक आहे, तशी ती भारतीयांत का नसावी, असा रमाबाईंचा उलट प्रश्न होता. मात्र अन्य भाषा बोलल्याशिवाय आत्मा मिळालाच नाही, हे अमेरिकेत रूढ झालेले मत त्यांनी स्वीकारले नाही. संस्कृतची पंडिता असलेल्या आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणणाऱ्या रमाबाईंची ही भूमिका नीट वाचायला हवी. अनुभव नाकारायचा नाही आणि त्याची सक्तीही करायची नाही, असे तिचे स्वरूप आहे.

‘अन्य भाषा’ खरोखर भाषा असतात का?

सुरुवातीच्या पेन्टेकॉस्टल लोकांना तसे वाटत होते. अझुसा स्ट्रीटवरून निघालेले आल्फ्रेड गार आणि त्यांच्या पत्नी लिलियन आपल्याला भारतीय भाषा मिळाली, या समजुतीने कोलकात्यात आले. बंगाली काही बोलता येईना. पुढे हाँगकाँगला गेल्यावर चिनी भाषेसाठी मात्र शिकवणीचाच मार्ग होता. गोव्यातील सेंट फ्रान्सिस झेवियर यांचेही असेच आहे. भाषांचे दान त्यांच्या चमत्कारांत गणले गेले, पण तामिळ किनाऱ्यावर दुभाष्यांच्या मदतीने प्रार्थना भाषांतरित करून त्या पाठ कराव्या लागल्या, हे त्यांच्याच पत्रांत आहे.

भाषाशास्त्रज्ञ विल्यम सॅमरिन यांनी १९७२ मध्ये निष्कर्ष काढला की, या उच्चारांत बोलणाऱ्याच्या परिचित भाषेतील ध्वनी असतात, लय असते, पण भाषेची रचना नसते. २००६ मध्ये अँड्र्यू न्यूबर्ग यांनी केलेल्या मेंदूच्या स्कॅनमध्ये अन्य भाषा बोलताना पुढच्या भागातील हालचाल कमी दिसली. म्हणजे ‘मी बोलत नाही, माझ्याकडून बोलले जाते’ हा अनुभव ढोंग नसावा. अर्थात त्या अभ्यासात फक्त पाच महिला होत्या. एवढ्याशा नमुन्यावरून फार मोठे निष्कर्ष काढणे धोक्याचे.

रोगमुक्तीची तपासणी होऊ शकते का?

प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवरील अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे माहीत नसलेल्यांपैकी, प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्के, तर न झालेल्या गटात ५१ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होत असल्याचे ठाऊक असलेल्यांत हे प्रमाण ५९ टक्के होते. देव प्रयोगाच्या आराखड्यात बसत नाही, हा श्रद्धावंतांचा आक्षेप तर्काला धरून आहे. पण मग त्याच न्यायाने यशस्वी उदाहरणेही पुरावा ठरत नाहीत.

कॅथलिक चर्चने यासाठी स्वतःची यंत्रणा उभारली आहे. फ्रान्समधील लूर्द येथे बरे झाल्याचे ७,००० हून अधिक दावे नोंदले गेले, २०१८ पर्यंत त्यांतील ७० चमत्कार मान्य झाले. तरीही शंका उरतातच. मदर तेरेसा यांच्या २००३ च्या धन्यघोषणेसाठी ग्राह्य धरलेल्या पश्चिम बंगालमधील महिलेची गाठ औषधांनी बरी झाली, असे तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे होते.

बायबलही याबाबत सरळसोट नाही. पौलाने त्रफिम या सहकाऱ्याला आजारी अवस्थेत मिलेत येथे सोडले आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. रोगमुक्तीच्या प्रार्थनेसाठी जगभर ओळखले गेलेले ‘व्हिनयार्ड’ चळवळीचे जॉन विंबर यांनी स्वतःला कर्करोग झाल्यावर रेडिएशन घेतले. बरे न होणाऱ्यावर ‘तुझा विश्वास कमी पडला’ असा ठपका ठेवणाऱ्या प्रचारकांनी ही उदाहरणे वगळलेली असतात. आजारापेक्षा तो ठपकाच रुग्णाला अधिक छळतो.

आज पारडे कोणाकडे? आणि महाराष्ट्रात कायदा काय सांगतो?

संख्येने पाहिल्यास ‘सुरू आहेत’ म्हणणाऱ्यांकडे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०११ च्या अहवालानुसार पेन्टेकॉस्टल आणि कॅरिस्मॅटिक मिळून सुमारे ५८ कोटी, म्हणजे जगातील ख्रिस्ती लोकसंख्येच्या २७ टक्के होते. कॅथलिक चर्चमध्येही १९६७ पासून ही लाट आहे. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील पाळक जॉन मॅकआर्थर यांनी ‘स्ट्रेंज फायर’ परिषद भरवून तिच्यावर कडाडून टीका केली. मात्र २०१५ मध्ये अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्टांच्या मिशन मंडळाने, खासगी प्रार्थनेत अन्य भाषा बोलणाऱ्या उमेदवारांना अपात्र ठरवणारा आपला नियम मागे घेतला.

महाराष्ट्रातील २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा सर्व धर्मांना सारखाच लागू आहे. चर्चमधील प्रार्थना किंवा शारीरिक इजा न करणारे धार्मिक विधी त्याच्या कक्षेत येत नाहीत. दिवंगत संतांच्या चमत्कारांविषयी सांगण्यासही मुभा आहे. मात्र तथाकथित चमत्कार करून दाखवून पैसे कमावणे, त्यातून लोकांना फसवणे किंवा दहशत बसवणे हा गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्राचे उपचार करणेही गुन्हाच. याशिवाय ठरावीक आजार अद्भुत उपायांनी बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, मग ती जाहिरात प्रार्थनासभेची असो वा ताईताची.