पुढचं दार की मागचं?

कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून किंवा निव्वळ हौस म्हणून ब्राउझर एक्स्टेन्शन करायला घेतलंय? मग लवकरच प्रश्न येतो, साइटवरचा डेटा आणायचा कुठून? रस्ते दोन. एक, कंपनीने जाहीर केलेला अधिकृत एपीआय. दुसरा, डेव्हलपर टूल्समधला ‘नेटवर्क’ टॅब उघडायचा, साइट स्वतः कुठल्या पत्त्यावरून डेटा मागवते ते बघायचं आणि तोच पत्ता गुपचूप वापरायचा.

दुसऱ्याचा मोह पडतोच. पुढच्या दाराशी नोंदणी करा, की घ्या, मर्यादा पाळा. यूट्यूबच्या डेटा एपीआयचा बराच काळ चालत आलेला हिशेब बघा. दिवसाला १०,००० युनिट्स आणि एका सर्चला १००. म्हणजे शंभर सर्चमध्ये कोटा खल्लास!

मागच्या दाराशी रांग नाही, पण तिथे कुणी शब्दही दिलेला नसतो. रात्रीत एखाद्या फील्डचं नाव बदललं की सकाळी एक्स्टेन्शन बंद आणि वन-स्टार रेटिंग तुमच्या नावावर. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे एक्स्टेन्शन चालतं वापरणाऱ्याच्या लॉग-इन केलेल्या ब्राउझरमध्ये. या रिक्वेस्ट त्याच्या नावाने जातात. साइटला संशय आला तर अकाउंट ब्लॉक होईल ते त्याचं, तुमचं नव्हे.

ब्राउझरच्या बाबतीतही हेच घडलंय. फायरफॉक्सचे जुने अॅड-ऑन थेट ब्राउझरच्या पोटात हात घालायचे. त्यामुळे ते जबरदस्त काही करू शकायचे, पण आतलं काही बदललं की मोडायचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आलं आणि तो रस्ताच बंद झाला. उरला फक्त वेबएक्स्टेन्शन्स एपीआय. ‘डाउनदेमऑल’सारखं लोकप्रिय अॅड-ऑन नव्याने लिहावं लागलं.

मग अधिकृत म्हणजे सेफ? तसंही नाही. यूट्यूबने २०२१ मध्ये डिसलाइकचा आकडा लपवला आणि १३ डिसेंबरपासून एपीआयमधूनही काढला. फरक इतकाच, की हे आधी जाहीर केलं होतं. तयारीला वेळ मिळाला.

तेव्हा एपीआय असेल तर तोच घ्या. नसेल तर छुपे पत्ते शोधण्याआधी बघा, वापरणाऱ्याला स्क्रीनवर जे दिसतंय तेवढंच वाचून काम भागतंय का. साइटचं डिझाइन बदललं की तेही मोडेल, पण त्याच्या नावाने जादा रिक्वेस्ट तरी जाणार नाहीत. साइटच्या अटी वाचा. साइटशी बोलणारा कोड एकाच फाइलमध्ये ठेवा, म्हणजे दुरुस्ती एकाच जागी होईल. परवानग्या लागतील तेवढ्याच मागा. एपीआयची की एक्स्टेन्शनमध्ये टाकू नका, तिथला कोड कुणीही उघडून वाचू शकतो.

आणि मागच्या दारानेच जायचं ठरवलंत, तर इन्स्टॉल करणाऱ्याला ते आधी स्पष्ट सांगा. अकाउंट त्याचं आहे, निर्णयही त्यालाच घेऊ द्या.