काळा स्क्रीन, रिकामा फोल्डर: जुने गेम फोनवर नीट बसवताना

आजचा भाग ऐकण्यापेक्षा वाचायलाच जास्त सोयीचा आहे, कारण यात फाइलींची नावं आहेत आणि ती कानाने पकडणं अवघड जातं. इथे नावं मराठीत लिहिलीयत, फोनमध्ये मात्र ती इंग्रजी लहान अक्षरांत टाकायची.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "इम्युलेटर टाकला, गेम टाकला, तरी स्क्रीन काळाच. माझा फोन कमी पडतोय का?" बहुतेक वेळा नाही. पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर जेमतेम ३३ मेगाहर्ट्झचा होता आणि मुख्य मेमरी २ एमबी. आजचा साधा फोनही त्याच्या खूप पुढे आहे. अडतं ते फाइलपाशी: एकतर ती नसते, नाहीतर चुकीच्या जागी असते, नाहीतर नाव चुकलेलं असतं.

बायोस म्हणजे काय?

लहानपणी टीव्हीला जोडून कॅसेटवाला व्हिडिओ गेम खेळलेला असेल, तर आठवून बघा. बटण दाबलं की थेट मारिओ हजर. त्या मशिनमध्ये स्वतःचा प्रोग्रॅम नव्हता, प्रोसेसर सरळ कॅसेटमधला कोड चालवायचा. म्हणून ते गेम आजही बायोसशिवाय चालतात. सीडीवाल्या प्लेस्टेशनचं तसं नाही. सीडी वाचणं, मेमरी कार्ड सांभाळणं ही कामं आतल्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम करतो. तोच बायोस. आकार फक्त ५१२ केबी.

बायोसवर कॉपीराइट सोनीचा आहे, त्यामुळे इम्युलेटरसोबत तो येत नाही. सोनीने कनेक्टिक्स कंपनीवर केलेल्या खटल्यात अमेरिकेतल्या न्यायालयाने २००० साली सांगितलं, की स्वतःचा इम्युलेटर लिहिण्यासाठी बायोसचा अभ्यास करणं चालतं. पण बायोसच्या कॉपी वाटायला त्याने परवानगी मिळत नाही. सरळ मार्ग म्हणजे स्वतःच्या कन्सोलमधून काढलेली फाइल वापरणं. ते जमत नसेल तर पीसीएसएक्स रीआर्म्ड हा कोअर वापरा. त्यात बायोसचा पर्याय आधीच लिहिलेला आहे. मात्र काही गेम त्यावर अडकतात.

चार फोल्डर, चार कामं

मी रेट्रोआर्चचं उदाहरण घेतोय. फोनच्या स्टोरेजमध्ये सगळ्यात वर एक फोल्डर करा, समजा 'गेम्स'. त्याच्या आत चार:

१. रॉम्स: गेमच्या फाइली, प्रत्येक कन्सोलचा वेगळा फोल्डर.
२. सिस्टिम: बायोस इथे. बायोस गेमच्या फोल्डरमध्ये टाकणं ही सगळ्यात कॉमन चूक.
३. सेव्हज: गेमच्या आतून केलेलं सेव्ह, म्हणजे मेमरी कार्ड.
४. स्टेट्स: इम्युलेटरने घेतलेला त्या क्षणाचा फोटो.

मग सेटिंग्जमध्ये डिरेक्टरी उघडून शेवटच्या तिघांचा पत्ता द्या. नंतर 'सेव्ह करंट कॉन्फिगरेशन' दाबायला विसरू नका, नाहीतर ॲप वर सरकवून बंद केलं की सगळं पहिल्यासारखं.

नाव अक्षर-न्-अक्षर

बीटल पीएसएक्स कोअर तीन नावं शोधतो. अमेरिकन गेमसाठी एससीपीएच५५०१ डॉट बिन, जपानीसाठी ५५००, युरोपियनसाठी ५५०२. फाइल दोनदा डाउनलोड झाली की फोन नावापुढे कंसात १ जोडतो, आणि कोअर म्हणतो फाइलच नाही. झिप फाइल तशीच ठेवली तरी तेच, आधी ती उघडून आतली फाइल बाहेर काढा. अंदाज लावत बसू नका. कोअर लोड करून इन्फर्मेशन, मग कोअर इन्फर्मेशन उघडा. कुठली फाइल सापडली, कुठली नाही, तिथे स्पष्ट दिसतं.

सीडी गेममध्ये अजून एक गंमत आहे. बिनसोबत क्यू नावाची छोटी फाइल असते. ती साधी टेक्स्ट फाइल असून तिच्यात बिनचं नाव लिहिलेलं असतं. तुम्ही हौसेने बिनचं नाव बदललंत, की क्यू जुनंच नाव शोधत बसते. बदलायचंच असेल तर दोन्हीकडे बदला. आणि गेम सुरू करताना क्यू निवडा, बिन नाही.

आता माझी चूक

लोकलच्या प्रवासात मी एक गेम चाळीसेक तास खेळलो होतो. शेवटच्या लढाईच्या अगदी आधी फोनची जागा भरली. म्हटलं, इम्युलेटर काढू आणि रात्री परत टाकू. परत टाकला तेव्हा गेम होता, बायोस होता, सेव्ह नव्हतं. ते ॲपच्या खासगी डेटा फोल्डरमध्ये होतं, आणि ॲप काढलं की अँड्रॉइड तो फोल्डरही पुसतो. दोन दिवस मी त्या गेमचं नावही काढलं नाही.

म्हणून सेव्हजचा फोल्डर ॲपच्या बाहेर ठेवा. नुसत्या स्टेटवर विसंबू नका. कोअर बदलला किंवा नवी आवृत्ती आली, की जुनी स्टेट कधी कधी उघडत नाही. गेमच्या आतलं सेव्ह जास्त टिकतं, दुसऱ्या फोनवरही नेता येतं. खेळून झालं की 'क्लोज कंटेंट' करूनच बाहेर पडा, म्हणजे मेमरी कार्ड फाइलमध्ये नक्की लिहिलं जातं.

प्लेस्टेशनचं एक मेमरी कार्ड म्हणजे १२८ केबी. आपण रोज फॉरवर्ड करतो त्या फोटोंपेक्षाही बऱ्याचदा लहान. माझे चाळीस तास तेवढ्यात मावले असते. आज रात्री तेवढा एक फोल्डर ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा.

भेटू पुढच्या भागात!